म्हातारपणाची झोप आणि वर्ध्याच्या रात्री

वाढत्या वयाबरोबर झोप कमी होणे हे केस पिकण्याइतकेच स्वाभाविक असते, अशी समजूत वर्धा जिल्ह्यातील घराघरांत आढळते. ती इतकी रुजलेली आहे की रात्र-रात्र डोळ्याला डोळा न लागणारी वृद्ध माणसे दवाखान्यात गुडघ्यांबद्दल, खोकल्याबद्दल, पोटाबद्दल सविस्तर बोलतात, पण झोपेचा विषय सहसा काढत नाहीत. या समजुतीत अर्धे सत्य आहे. वयानुसार झोपेची घडण खरोखरच बदलते, ती हलकी होते आणि मधूनमधून तुटते. शरीराला असलेली झोपेची गरज मात्र फारशी घटत नाही. पासष्टीनंतरच्या व्यक्तींनी रोज सात ते आठ तास झोपावे, असे अमेरिकेतील नॅशनल स्लीप फाउंडेशनच्या तज्ज्ञगटाने २०१५ मध्ये सुचवले, आणि तरुण प्रौढांसाठीच्या सात ते नऊ तासांच्या शिफारशीशी ते ताडून पाहिले असता फरक केवळ वरच्या टोकाला एका तासाचा दिसतो. उतारवयात कमी होते ती झोप लागण्याची आणि टिकण्याची क्षमता; गरज तशीच राहते आणि क्षमता खालावते, म्हणून या वयातील झोपेकडे आरोग्याचा प्रश्न म्हणूनच पाहायला हवे.

ही क्षमता का खालावते, हे कळण्यासाठी झोप येते कशी हे आधी पाहावे लागते. मेंदूतील पेशी दिवसभर ऊर्जा खर्च करतात आणि त्या खर्चातून अॅडेनोसिन नावाचे द्रव्य हळूहळू साचत जाते; ते जितके साचेल तितकी झोपेची ओढ वाढते, आणि झोपेत त्याचा निचरा झाला की माणूस ताजा होऊन उठतो. चहा-कॉफीतील कॅफिन या अॅडेनोसिनची मेंदूतील जागा अडवून बसते, म्हणून चहाने तरतरी येते. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे शरीराबाहेर पडायला साधारण पाच-सहा तास लागतात, तेव्हा संध्याकाळी सातच्या कडक चहाचा अंमल मध्यरात्रीपर्यंत उरतो. निंदण-डवरणीत दिवस घालवलेल्या शरीरात झोपेची ही ओढ आपोआप साठत असे. शेत मुलांच्या हाती सोपवून ओसरीवर बसून राहणाऱ्या, सकाळी दहाला, दुपारी दोनला आणि पुन्हा दिवेलागणीला डुलकी काढणाऱ्या माणसाची ओढ दिवसाच थोडी थोडी खर्च होऊन जाते, आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकते तेव्हा फारशी शिल्लकच राहिलेली नसते.

झोपेचा दुसरा नियंता म्हणजे शरीरातील जैविक घड्याळ. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका असतो. तो चोवीस तासांच्या लयीत शरीराचे तापमान, संप्रेरके आणि जाग-झोप यांची वेळ ठरवतो. पेशींमधील ही लय जनुकांच्या पातळीवर कशी चालते, याचा उलगडा केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन संशोधकांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ रोज जुळवले जाते ते डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशाने, विशेषतः निळसर प्रकाशाने. अंधार पडला की मेंदूतील पिनियल ग्रंथी मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. वाढत्या वयात डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि नेमका हाच निळसर प्रकाश आत पोहोचणे कमी होते. मोतीबिंदू पिकला तर आणखीच कमी. मेलाटोनिनचे प्रमाणही वयानुसार उतरते. त्यामुळे घड्याळाची पकड सैल होते आणि ते थोडे पुढेही सरकते: संध्याकाळी लवकर पेंग येते, पहाटे लवकर जाग येते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वाचता यावे, रस्ता दिसावा यासाठी करतात हे सर्वांना ठाऊक असते. तिच्यामुळे दिवसाचा उजेड पुन्हा घड्याळापर्यंत पोहोचू लागतो, हा फायदा मात्र क्वचितच कोणी बोलून दाखवते.

झोपेच्या अंतरंगातही बदल होतो. रात्रभरात साधारण नव्वद मिनिटांची चार-पाच आवर्तने होतात आणि प्रत्येक आवर्तनात हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्ननिद्रा अशा पायऱ्या येतात. गाढ झोपेत मेंदूच्या विद्युत्-लहरी संथ व मोठ्या होतात, हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब उतरतो. हाच हिस्सा मध्यम वयापासून आटू लागतो आणि सत्तरीपर्यंत पुष्कळांत अगदी थोडा उरतो, त्यामुळे भांडे वाजले, कुत्रे भुंकले, मांजराने कौल सरकवले एवढ्यानेही जाग येते. ही हलकी झोप आजार ठरत नाही, पण आजारांना तिच्यात शिरायला फटी पुष्कळ मिळतात.

लवकर निजणे आणि लवकर उठणे याला वर्धा जिल्ह्यात एक प्रतिष्ठा आहे, आणि तिचे एक कारण सेवाग्राम आहे. महात्मा गांधी १९३६ मध्ये वयाच्या ६६ व्या वर्षी शेगावात, म्हणजे पुढे ज्याचे नाव सेवाग्राम झाले त्या गावात राहायला आले. आश्रमाची दिनचर्या पहाटे चारच्या सुमारास होणाऱ्या घंटेने सुरू होई आणि रात्री नऊच्या सुमारास निजानीज होई. या हिशेबात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. नऊ ते चार म्हणजे सात तास होतात, शिवाय दुपारी विश्रांती असे. चारला उठण्याचे अनुकरण करताना नऊला निजणे गाळले, तर उरते ती केवळ झोपमोड. याच्या उलट चूकही घडते: संध्याकाळी जेवण आटोपून साडेसातला अंथरुणावर आडवे झालेल्या, दुपारीही दीड तास झोपलेल्या आजींना अडीचला जाग आली की घरात चिंता सुरू होते, वास्तविक त्यांची झोप तोवर पुरेशी झालेली असते. निद्रानाशाच्या पुष्कळ तक्रारी अशा बेरजेनेच सुटतात, आणि म्हणून निजण्याची, उठण्याची व दिवसाच्या डुलक्यांची वेळ दोन आठवडे वहीत टिपून ठेवणे ही झोपेच्या तपासणीची पहिली पायरी मानली जाते.

सेवाग्रामच्याच इतिहासात झोपेशी जोडलेली दुसरीही नोंद आहे. गांधीजींचा रक्तदाब ऑक्टोबर १९३७ मध्ये १९४/१३० आणि फेब्रुवारी १९४० मध्ये २२०/११० इतका मोजला गेला होता. त्या काळी रक्तदाबावर आजच्यासारखी परिणामकारक औषधे उपलब्ध नव्हती, त्यामुळे विश्रांती, मातीच्या पट्ट्या आणि झोप यांवरच भिस्त होती. दिवसा थोडा वेळ हवे तेव्हा झोपून ताजेतवाने होण्याची त्यांची हातोटी समकालीनांनी नोंदवून ठेवली आहे; तसेच पहाटेच्या घंटेआधीच उठून पत्रे लिहिण्याची सवयही. झोपेचा आणि रक्तदाबाचा संबंध आज अधिक नेमकेपणाने सांगता येतो. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री दिवसापेक्षा दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो, आणि हृदय, मूत्रपिंड व मेंदूतील रक्तवाहिन्यांना मिळणारा तो रोजचा विसावा असतो. झोप वारंवार तुटली की ही उतरण होत नाही, रक्तवाहिन्यांवरचा ताण चोवीस तास कायम राहतो, आणि पक्षाघाताचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. गोळ्या नियमित घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर रात्री झोप कशी लागते हा प्रश्न म्हणूनच विचारला पाहिजे.

रक्तातील साखरेची गोष्ट याहून वेगळी नाही. शिकागो विद्यापीठात केलेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अकरा निरोगी तरुणांना सलग सहा रात्री केवळ चार तास झोपू दिले, तेव्हा त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता लक्षणीय खालावली. तरुणांची ही गत एका आठवड्यात झाली, तर आधीच मधुमेह असलेल्या वृद्धाच्या शरीरावर वर्षानुवर्षांच्या अपुऱ्या झोपेचा भार किती पडत असेल, याची कल्पना करता येते. त्याच संशोधकांच्या गटाला अपुरी झोप घेतलेल्यांमध्ये फ्लूची लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी तयार झालेली प्रतिद्रव्ये नेहमीप्रमाणे झोपलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी आढळली.

स्मृतीचा प्रश्न मात्र सर्वांत जिव्हारी लागणारा आहे. दिवसा अनुभवलेले रात्री मेंदूत पक्के होते, त्यात गाढ झोपेचा वाटा मोठा असतो. लंडनमधील सरकारी नोकरांच्या दीर्घकालीन अभ्यासात सुमारे आठ हजार व्यक्तींचा पंचवीस वर्षे मागोवा घेतला गेला आणि पन्नाशी-साठीत रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत पुढे स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण सात तास झोपणाऱ्यांपेक्षा अधिक दिसले. कमी झोपेमुळे स्मृतिभ्रंश होतो की स्मृतिभ्रंशाची सुरुवात आधी झोप बिघडवते, हा वाद अजून मिटलेला नाही, बहुधा दोन्ही वाटा खऱ्या असाव्यात. भारतात साठीच्या पुढच्या व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये मांडला गेला, आणि खेड्यांत हे प्रमाण शहरांपेक्षा जास्त आढळले. तेव्हा वर्ध्यासारख्या ग्रामबहुल जिल्ह्याला हा विषय दूरचा म्हणून बाजूला ठेवता येणार नाही.

झोप मोडणाऱ्या शारीरिक कारणांत रात्री लघवीला उठावे लागणे हे कारण फार मोठे आहे. तरुणपणी रात्री एक संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगते. उतारवयात ते रात्री पूर्वीसारखे वाढत नाही. दिवसभर पाय लोंबकळत ठेवून बसल्याने पायांत उतरलेले पाणी आडवे होताच पुन्हा रक्तात येते आणि मूत्राशय भरू लागते. पुरुषांत त्यात प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीची भर पडते. खेड्यात संडास बहुधा घरामागे, परसात असतो. झोपेच्या गुंगीत उठायचे, चष्मा चाचपडायचा, कडी काढायची, ओल्या फरशीवरून किंवा उखणलेल्या अंगणातून अंधारात चालायचे, आणि उठताक्षणी रक्तदाब किंचित घसरून भोवळ यायची. खुब्याचे हाड मोडण्याच्या कितीतरी घटनांची सुरुवात याच दहा-वीस पावलांत होते. संध्याकाळी तासभर पाय उंचावर ठेवून पडणे, लघवी वाढवणारी गोळी डॉक्टरांना विचारून सकाळी घेणे, खाटेपासून संडासापर्यंत मंद पिवळा दिवा लावणे, पलंगाशेजारी भांडे ठेवण्यात संकोच न मानणे, हे उपाय स्वस्त आहेत आणि त्यांनी झोपही वाचते, हाडही.

घोरण्याकडे मात्र घरातले हसून पाहतात. झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासमार्ग बंद पडतो, काही सेकंद श्वास थांबतो, प्राणवायू घटतो, मेंदू दचकून जागा होतो आणि घर्घर करीत श्वास पुन्हा सुरू होतो. या विकाराला निद्राश्वासरोध म्हणतात आणि काहींमध्ये हे एका तासात तीसहून अधिक वेळा घडते. रोग्याला यातले काही आठवत नाही. त्याला आठवतो तो सकाळचा जडपणा, तोंडाची कोरड आणि दिवसभराची पेंग. त्यामुळे या रोगाची खरी साक्षीदार शेजारच्या खाटेवरची व्यक्ती असते, आणि श्वास मध्येच थांबल्याचे तिने पाहिले असेल तर डॉक्टरांकडे जाताना तिने सोबत जायला हवे. पायांत मुंग्या आल्यासारखे होऊन ते सतत हलवावेसे वाटणे हेही असेच दुर्लक्षित लक्षण. त्यामागे कित्येकदा शरीरातील लोहाची कमतरता असते.

कारण न शोधता अर्धी गोळी घेणे हा रस्ता मात्र फार सोपा झाला आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या औषधांनी झोप लागते, परंतु ती नैसर्गिक गाढ झोप नसते. वृद्धांचे यकृत व मूत्रपिंड औषध हळू बाहेर टाकतात, त्यामुळे गुंगी सकाळपर्यंत रेंगाळते, पाय लटपटतात, विसराळूपणा वाढतो, आणि काही आठवड्यांत शरीर त्या गोळीला सरावून तिच्यावाचून झोपेनासे होते. वृद्धांसाठी टाळावयाच्या औषधांची जी यादी मार्क बीअर्स या वैद्यकाने १९९१ मध्ये सुरू केली आणि जिच्या सुधारित आवृत्त्या आजही वापरात आहेत, तिच्यात ही औषधे आहेत. वर्षानुवर्षे चालू असलेली गोळी एकदम तोडणेही धोक्याचे; ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते. दीर्घ निद्रानाशावर आज प्रथम सुचवला जातो तो वर्तनोपचार. त्याचे मर्म असे की झोप आली तरच अंथरुणावर जावे, वीस-एक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या जागी शांत बसावे, सकाळी उठण्याची वेळ कधीही चुकवू नये आणि अंथरुणावर घालवायचा वेळ प्रत्यक्ष झोपेइतकाच आखडता घ्यावा. ‘झोप येईल तेव्हा येईल, पडून तर राहा’ या घरगुती सल्ल्याच्या हे नेमके विरुद्ध आहे, आणि म्हणूनच पहिले काही दिवस तो उपचार जड जातो.

या जिल्ह्यात निकोटिनचाही विचार करावा लागतो. कच्ची सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला खर्रा विदर्भात सर्व वयांत चालतो, आणि जेवणानंतर गालात धरलेला तो तोबरा पचनासाठी किंवा झोपेसाठी चांगला, असे मानणारेही आहेत. निकोटिन उत्तेजक आहे. ते झोप लांबवते, आणि रात्री त्याचे रक्तातील प्रमाण उतरले की तलफ येऊन पहाटे जाग येते.

झोपेसाठी शरीराच्या गाभ्याचे तापमान किंचित, साधारण एक अंशाने, उतरावे लागते, आणि त्यासाठी हातापायांच्या त्वचेतून उष्णता बाहेर पडावी लागते. वर्ध्यात मे महिन्यात दुपारचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, सिमेंटची गच्ची दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडत राहते. वृद्धांना घाम कमी येतो, त्वचेखालचा रक्तप्रवाहही तितका वाढत नाही, म्हणून त्याच खोलीत नातू झोपतो आणि आजोबा जागे राहतात. ६८ देशांतील ४७ हजारांहून अधिक व्यक्तींच्या झोपेच्या नोंदींवर आधारलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रात्रीच्या तापमानातील दर अंश वाढीमागे वृद्धांची झोप इतर प्रौढांच्या दुपटीहून अधिक घटत असल्याचे दिसले. सेवाग्रामच्या बापूकुटीच्या मातीच्या भिंती, कौलारू छप्पर आणि सभोवारचा पडवीचा आडोसा पाहिला म्हणजे या हवामानाशी जुळवून घेण्याची जुनी रीत ध्यानात येते. गांधीजींनी १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना लिहायला घेतलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात उघड्या आकाशाखाली झोपण्याचा आग्रह धरला आहे. अंगणात बाज टाकून झोपणे आता डासांमुळे आणि शेजारच्या खांबावरील पांढऱ्या एलईडी दिव्यामुळे कमी झाले, तरी मच्छरदाणी, पाणी मारलेले अंगण, निजण्यापूर्वी तास-दीड तास आधी कोमट पाण्याची अंघोळ, हे अजूनही जमण्यासारखे आहे. चरकसंहितेत दिवसा झोपणे सामान्यतः वर्ज्य मानले आहे, पण ग्रीष्म ऋतूत सर्वांना आणि वृद्धांना इतर ऋतूंतही त्याची मुभा दिली आहे. ही सवलत अर्ध्या तासाच्या आत आणि दुपारी तीनच्या आधी वापरली, तर आजच्या निद्राशास्त्राचाही तिला आक्षेप नाही.

हे सारे घराच्या चार भिंतींतले झाले. या जिल्ह्यात वृद्ध माणसाची झोप शेतही मोडते, आणि त्याचा उल्लेख आरोग्याच्या पुस्तकांत सापडत नाही. सेलू, कारंजा, आर्वी, आष्टी, समुद्रपूर या तालुक्यांतील जंगलालगतच्या गावांत रानडुकरे आणि रोही उभे पीक एका रात्रीत तुडवून जातात, त्यामुळे पीक हाती येईपर्यंत जागल करावी लागते. तरुण मुले कामासाठी नागपूर-पुण्याला गेलेली असतात, मग ही पाळी साठी-सत्तरीच्या बापाकडे येते. चार बल्ल्यांवर बांधलेले मचाण, वर फाटकी ताडपत्री, उशाशी टॉर्च, पत्र्याचा डबा आणि काठी. दर तासाला उठून डबा वाजवायचा, टॉर्चचा झोत धुऱ्यावरून फिरवायचा, हाकारा द्यायचा आणि पुन्हा घोंगडीत शिरायचे. प्रत्येक वेळी मेंदू गाढ झोपेच्या उंबरठ्यावरून माघारी येतो आणि टॉर्चचा पांढरा उजेड मेलाटोनिनलाही मागे सारतो. हा क्रम तुरीच्या शेंगा भरण्यापासून हरभरा निघेपर्यंत कित्येक आठवडे चालतो. असा माणूस दिवसा पेंगतो, चिडतो, विसरतो, आणि घरातले म्हणतात, वय झाले.

ओलिताचेही तसेच. कृषिपंपांना तीन फेजची वीज आठवड्यातील काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशी आळीपाळीने मिळण्याची पद्धत राज्यात वर्षानुवर्षे चालत आली, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात गहू-हरभऱ्याला पाणी देण्यासाठी रात्री उठून मोटार सुरू करणे, चिखलात दांड फोडणे आणि पहाटेपर्यंत बारे फिरवणे भाग पडते. चार रात्री जागायच्या आणि तीन रात्री निजायचे, असे केल्याने जैविक घड्याळाची जी ओढाताण होते, तीच कारखान्यातील फिरत्या पाळीच्या कामगारांत रक्तदाब, मधुमेह व हृदयविकार वाढवते असे आढळले आहे. फरक इतकाच की कामगार साठीला निवृत्त होतो. दिवसा वीज देता यावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आखला गेला. तिच्यावर चर्चा होते ती मेगावॅटची, जमिनीच्या भाड्याची आणि अनुदानाची, आणि ती योग्यच आहे. परंतु ज्या फिडरवर दिवसा वीज येऊ लागते, तेथे पाण्याचे बारे सकाळी ऊन चढल्यावर सुरू होतात, आणि सत्तरीच्या शेतकऱ्याला थंडीतल्या त्या सगळ्या रात्री आपल्या खाटेवर, घोंगडीखाली काढता येतात.